कोरी जागा : टॉवेल कारखान्यातले करार एआयने वाचले तेव्हा

जानेवारी २०२४. नंदीध्वजांची मिरवणूक दोन दिवसांवर आली होती, सोलापूरच्या गड्डा यात्रेत पाळणे उभे राहिले होते आणि कारखान्यात जो तो सुट्टीच्या बेतात होता. त्या दुपारी आमच्या सीएंचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "तुमच्या छोट्या पुरवठादारांना किती दिवसांत पैसे द्यायचे, हे करारात काय लिहिलंय? सगळ्यांचं हवंय. फेब्रुवारीअखेर."

मी सोलापुरातल्या एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कंपनीच्या विधी विभागात काम करते. विभाग म्हणजे मी आणि एक कनिष्ठ सहकारी. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, म्हणून देत नाही. करार वाचायला आम्ही कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली. त्यात काय साधलं आणि काय निसटता निसटता राहिलं, ते जसं घडलं तसं लिहिते. आमच्यासारख्या दोन-तीन माणसांच्या विभागात बसलेल्या कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

सीएंची घाई उगाच नव्हती. वित्त अधिनियम २०२३ ने त्या वेळच्या आयकर कायद्याच्या (१९६१) कलम ४३बी मध्ये (एच) हे पोटकलम घातलं आणि ते १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२३-२४ या वर्षाच्या हिशेबाला, लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) च्या कलम १५ मधल्या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. कलम १५ ची मुदत अशी: लेखी करार असेल तर करारातली तारीख, पण माल किंवा काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. कलम ४३बी खालच्या इतर देण्यांना विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंत सवलत मिळते. ती या पोटकलमाला नाही.

आकड्यात सांगायचं तर मुदत उलटून गेलेले एक कोटी रुपये ३१ मार्चला देणं राहिले आणि कंपनी कलम ११५बीएए चा सवलतीचा कर दर घेत असेल, तर अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्क्यांनी सुमारे २५ लाखांचा कर त्याच वर्षी अंगावर येतो. पैसे दिले की वजावट मिळते, पण पुढच्या वर्षी. शिवाय एमएसएमईडी कायद्याच्या कलम १६ खाली उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्या वर्षी बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. आणि कलम २३ प्रमाणे हे व्याजही करात वजा मिळत नाही.

सोलापुरात टॉवेल एका छपराखाली तयार होत नाही, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. सूत एकाकडून, सायझिंग (सुताला खळ देणं) दुसऱ्याकडे, विणाई अक्कलकोट रोडच्या आणि पूर्व भागातल्या यंत्रमागांवर मजुरीने, रंगाई प्रोसेस हाऊसमध्ये, कडा शिवायला आणखी कुणी, लेबल आणि खोकी वेगळी, वाहतूक वेगळी. चिंचोळीच्या आमच्या शेडमध्ये शेवटी तपासणी, घड्या आणि पॅकिंग होतं. या साखळीतला जवळपास प्रत्येक जण सूक्ष्म किंवा लघु उद्योजक. मागवाले बरेचसे तेलुगू, त्यांची बोलणी तेलुगूत, करार मराठीत, आणि निर्यातीच्या ग्राहकाने घालून दिलेल्या अटींची जोडपत्रं इंग्रजीत. कपाटं तीन, फायली सहाशेच्या वर.

दोघांनी हाताने वाचायचं ठरवलं असतं, तर एका फायलीला अर्धा तास धरला तरी तीनशेहून जास्त तास लागले असते. रोजचं काम सोडून तेवढा वेळ काढणं शक्य नव्हतं. मालकांनी एआयला होकार दिला तो याच हिशेबावर.

तयारीतच पंधरा दिवस गेले, आणि आज मला तेच दिवस सगळ्यात उपयोगाचे वाटतात. बहुतेक प्रत्येक कराराच्या मागे पुरवठादाराच्या आधार कार्डाची झेरॉक्स, पॅन, रद्द केलेला चेक आणि एखाद्या वेळी घराचं वीज बिलसुद्धा जोडलेलं. हे सगळं स्कॅन करून बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायचं? वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला होता, पण नियम यायचे होते. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. नियमांची वाट पाहण्याचं मला कारण दिसलं नाही. ज्या माणसाने आधारची प्रत दिली, ती त्याने आमच्या फायलीसाठी दिली होती. म्हणून स्कॅनिंग बाहेरच्या दुकानात न देता ऑफिसातच केलं, जोडलेली ओळखपत्रं आधी वेगळी काढली आणि फुकटच्या चॅट खात्याऐवजी कंपनीच्या नावाचं, आमचा मजकूर एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरणार नाही अशी लेखी अट असलेलं खातं घेतलं. आमची स्वतःची मतं, म्हणजे "इथे आपली बाजू लंगडी आहे" अशा धाटणीचं काहीही, त्या खात्यात टाईप करायचं नाही असाही नियम केला. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधलं वकील-अशिलाच्या गुप्ततेचं संरक्षण कंपनीच्या पगारी कायदा अधिकाऱ्याला मिळत नाही, कलम १३४ चं मर्यादित संरक्षण तेवढं आहे. आमचा नियम योग्य होता हे त्या दिवशी पटलं.

मग पहिला प्रश्न लिहिला. तो मी लिहिला, त्यामुळे त्यातली चूकही माझीच. प्रश्न असा होता: "या करारात पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त आहे का? हो किंवा नाही." जिथे "हो" तिथे लाल, जिथे "नाही" तिथे हिरवा.

दोन दिवसांत यादी तयार झाली. पाचातल्या चार ओळी हिरव्या होत्या. मला फार हलकं वाटलं. छापून यादी मालकांच्या टेबलावर ठेवायला निघाले होते, तेवढ्यात खरेदी पाहणारे अण्णा आत आले. अण्णा या कंपनीत माझ्या वयाइतकी वर्षं आहेत. त्यांनी यादी हातात घेतली, वरून खाली बोट फिरवलं आणि एका सायझिंगवाल्याच्या नावावर थांबले.

"ताई, ह्याच्या करारात दिवस लिहिलेलेच नाहीत. मीच करून घेतला होता. हे हिरवं कसं?"

फाईल काढली. "देयकाची रक्कम नियमाप्रमाणे अदा करण्यात येईल," एवढंच वाक्य होतं. दिवसांची जागा कोरी. यंत्राला विचारलं होतं, मुदत ४५ पेक्षा जास्त आहे का? मुदतच नाही, तेव्हा जास्त नाही. उत्तर बरोबर होतं. आणि कायद्याने बघितलं तर पंचाईत नेमकी इथेच होती. पैसे द्यायची तारीख लेखी ठरलेलीच नाही, म्हणजे धरून चालायचे ते १५ दिवस. आम्ही तर सगळ्यांना सरसकट साठाव्या दिवशी पैसे देत होतो. जी फाईल सर्वांत आधी लाल व्हायला हवी, ती हिरव्या ढिगात निवांत पडली होती.

त्या संध्याकाळी मी, अण्णा आणि कनिष्ठ सहकारी तिघं बसलो आणि हिरव्या ढिगातल्या साठ फायली चिठ्ठ्या टाकून काढल्या. निवडून नाही, चिठ्ठ्या टाकूनच. हाताने निवडायला लागलं की माणूस ओळखीच्या किंवा पातळ फायली घेतो. साठही पहिल्या पानापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचल्या. त्यात सतरा चुकीच्या निघाल्या. कोऱ्या जागा त्यात होत्याच, पण आणखी तीन तऱ्हा दिसल्या, आणि त्या तिन्ही आम्हाला आधी सुचल्या नव्हत्या.

पहिली तऱ्हा "बिल मिळाल्यापासून ४५ दिवस". वाचायला नियमात बसणारं वाक्य. पण कायद्याची मोजणी माल किंवा काम स्वीकारल्याच्या दिवसापासून सुरू होते. मागवाला टॉवेलचा गठ्ठा सोमवारी चलनावर देतो आणि बिल महिन्याच्या शेवटी सगळं एकत्र करून पाठवतो. सोमवार महिन्याच्या सुरुवातीचा असेल तर बिल येईपर्यंत पंचवीस दिवस संपलेले असतात. म्हणजे कागदावर ४५ आणि प्रत्यक्षात ७०. ही रीत आमच्याच बाजारातली, अण्णांना ती तळहातासारखी माहीत, मला ऐकून माहीत, आणि यंत्राला कुणी सांगितलीच नव्हती.

दुसरी तऱ्हा कमी दिवसांची. काही रंगाईवाल्यांच्या करारात ३० दिवस होते. ४५ पेक्षा कमी, म्हणून हिरवा. पण करारात ३० लिहिलं असेल तर मुदत ३० च. चाळिसाव्या दिवशी दिलेले पैसे उशिराचे. माझ्या प्रश्नाने ४५ हा आकडा सगळ्यांना एकच फूटपट्टी म्हणून लावला होता, आणि कायदा तसं म्हणत नाही.

तिसरी तऱ्हा आकड्यांची, आणि ती मराठी कागद वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी. स्कॅनवरून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर मराठी आकड्यांत अडखळत होतं. आपला चार इंग्रजी आठासारखा दिसतो, आपला एक इंग्रजी नवासारखा. इंग्रजी मसुद्यात मध्येच मराठी आकडा आला, किंवा जुन्या टंकलेखित कागदावर शाई फुटलेली असली, की ४५ चे ८५ होत आणि १५ चे ९५. या चुका नुसता त्रास देतात, कारण फाईल लाल होते आणि माणूस उघडून बघतो. उलटी चूक घातक. एका खोकीवाल्याच्या करारात ९० दिवस होते, ते १० वाचले गेले. शेजारीच कंसात "नव्वद" असं अक्षरी लिहिलेलं होतं आणि ते नीट वाचलं गेलं होतं. पण अंक आणि अक्षर पडताळून बघ, असं आम्ही सांगितलं नव्हतं. नोटरीच्या कागदावर रक्कम अंकी आणि अक्षरी लिहायची आपली जुनी सवय का पडली असेल, हे मला त्या फायलीवरून कळलं.

प्रश्न पुन्हा लिहिला. या वेळी हो-नाही काढून टाकलं. यंत्राने फक्त इतकं करायचं: पैसे देण्याबद्दलचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, पान क्रमांक द्यायचा, दिवस कधीपासून मोजायचे ते शब्द वेगळे काढायचे, अंक आणि अक्षर जुळत नसतील तर तसं नोंदवायचं, आणि वाक्य नसेल तर "लिहिलेलं नाही" एवढंच लिहायचं. कुठली फाईल धोक्याची, हे ठरवायचं आम्ही. मूळ करारानंतरची पुरवणी पत्रं दुसऱ्याच फायलीत असत, तीही पुरवठादाराच्या नावाने एकत्र जोडली, कारण यंत्र एका वेळी त्याच्यापुढे ठेवलेलाच कागद वाचतं. २०१९ च्या करारातले ९० दिवस २०२२ च्या एका पत्राने ४५ झाले असतील, तर ते पत्र पुढे असल्याशिवाय त्याला कळायचं कसं?

"जसंच्या तसं" यावर मी हटून बसले होते, त्याचं फळ दुसऱ्याच दिवशी मिळालं. यंत्राने उतरवलेलं प्रत्येक वाक्य आम्ही मूळ स्कॅनमध्ये आपोआप शोधून बघत होतो. एका शिलाई ठेक्याच्या करारातलं वाक्य सापडेना. यंत्राने लिहिलं होतं, "काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मोबदला अदा करावा." स्वच्छ, वकिली, पटण्यासारखं वाक्य, आणि त्या चार पानांत ते कुठेही नव्हतं. तशा करारांत असं वाक्य सहसा असतं, म्हणून यंत्राने ते भरून टाकलं होतं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला, ती बातमी आम्ही सगळ्यांनी वाचली होती. ते दूरच्या कुणाचं तरी प्रकरण वाटलं होतं. इथे ते आमच्याच फायलीत, एका कोऱ्या जागेवर, तीस दिवस होऊन बसलं होतं.

त्यानंतर "लिहिलेलं नाही" असं उत्तर आलेली प्रत्येक फाईल आणि वाक्य न जुळलेली प्रत्येक फाईल माणसाने वाचायची, असं ठरलं. अशा सव्वाशेच्या आसपास निघाल्या. त्या वाचायला आम्हा दोघांना नऊ दिवस लागले. म्हणजे यंत्राने आमचं वाचन संपवलं नाही, कुठे वाचायचं ते दाखवलं. सहाशेच्या जागी सव्वाशे, हा फरक मी कमी लेखत नाही. त्याशिवाय मार्च गाठताच आला नसता.

उरलेल्या ढिगातून पुन्हा साठ चिठ्ठ्या काढल्या. या वेळी एकच चूक निघाली. टंकलेला "६०" पेनाने खोडून बाजूला "४५" लिहिलेला, त्यावर दोघांच्या छोट्या सह्या. यंत्राने टंकलेला आकडा घेतला होता. हाताने केलेली दुरुस्ती हा प्रकार मग आम्ही वेगळा काढला; समासात शाई दिसणारं पान सहकाऱ्याने नजरेने चाळलं. मालकांनी विचारलं, "आता शंभर टक्के ना?" मी नाही म्हणाले. साठांत एकही चूक सापडली नसती, तरी संख्याशास्त्राच्या साध्या नियमाने शंभरामागे पाचपर्यंत चुका ढिगात असू शकतात, आणि आमची तर एक सापडली होती. त्यांना ते आवडलं नाही. पण सीएंना दिलेल्या टिपणात तो आकडा मी लिहिला.

दरम्यान एक बैठक झाली, ती सांगायला हवी. बाजारात त्या फेब्रुवारीत एक तोडगा फिरत होता: पुरवठादारालाच सांगायचं, तुझी उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी पोर्टलवर केलेली नोंद) रद्द कर, नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. नोंदणी नाही तर अडचण नाही. आमच्याकडेही कुणीतरी तो मांडला, आणि यादी तयारच आहे, त्यातूनच पत्रं काढता येतील असं म्हणाला. माझ्या अंगावर काटा आला. जी यादी मागवाल्याला पैसे वेळेवर मिळावेत म्हणून केली, तीच त्याचा हक्क काढून घ्यायला वापरायची होती. मी त्या पत्रावर सही करणार नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि अण्णा तेलुगूत जे बोलले त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पत्रं काढू नका. किती रक्कम लागते ते सांगा."

रक्कम काढताना पुन्हा माणसंच लागली. कायद्याचं हे पोटकलम सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना लागतं. मध्यम उद्योगांना नाही, आणि व्यापाऱ्यांनाही नाही, कारण जुलै २०२१ पासून त्यांची उद्यम नोंदणी फक्त अग्रक्रमाच्या कर्जापुरती धरली जाते. सूत देणारा हा गिरणीचा माल विकणारा व्यापारी आहे की स्वतः दुहेरी करून देणारा उत्पादक, हे करारात कधीच लिहिलेलं नसतं. त्यासाठी प्रत्येकाचं उद्यम प्रमाणपत्र मागवलं. दोन जणांकडे दोन्ही व्यवसाय निघाले, त्यांची बिलं वेगळी करावी लागली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात देणी फिटायला लागली. नवे करार मराठी आणि इंग्रजी असे शेजारी शेजारी छापले, मुदत "माल स्वीकारल्याच्या दिवसापासून" अशी लिहिली, अंकी आणि अक्षरी. पण स्वीकारल्याचा दिवस लिहून ठेवायची जागाच आमच्याकडे नव्हती. चिंचोळीच्या गेटवर चलनावर सही व्हायची, तारीख कधी व्हायची, कधी नाही. नवी पेठेतून एक तारखेचा रबरी शिक्का करून आणला, "माल मिळाला" आणि खाली फिरणारी तारीख, आणि गेटवरच्या माणसाला दिला. या सगळ्या प्रकल्पात सर्वांत स्वस्त वस्तू तीच.

काम आवरलं असं वाटत होतं, तेव्हा अण्णा त्यांची लाल कापडी वही घेऊन आले. टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, यंत्राला कपाट दाखवलंत. ही नाही दाखवली."

कडा शिवून देणाऱ्या, टॅग लावणाऱ्या, चिंध्या उचलणाऱ्या माणसांची नावं त्यात होती. बहुतेक बायका, घरी दोन-तीन मशिनी टाकून काम करणाऱ्या. फोनवर काम सांगायचं, वहीत नग लिहायचे, जमेल तेव्हा पैसे. करार नाही, त्यामुळे फाईल नाही, त्यामुळे स्कॅन नाही. कुठल्याच ढिगात त्या नव्हत्या. एकोणीस नावं. सहकाऱ्याने उद्यम पोर्टलवर एकेक तपासलं. अकरा जणींची नोंदणी होती, बँकेच्या कर्जासाठी केलेली. लेखी करार नसल्यामुळे त्यांची मुदत १५ दिवस. वहीत सर्वांत जुनी थकलेली नोंद नोव्हेंबरची.

मी वही उघडली, अण्णांनी नावं वाचायला सुरुवात केली, आणि सहकाऱ्याने नव्या तक्त्यात पहिली ओळ हाताने भरली. २८ मार्चला त्या अकरा जणींच्या खात्यावर पैसे गेले. उरलेल्या आठ जणींना कायद्याची मुदत लागू होते की नाही, यावर मी मत लिहायला घेतलं होतं. अण्णांनी त्याआधीच त्यांची व्हाउचरं मालकांच्या सहीला पाठवली होती, आणि मालकांनी सह्या केल्या होत्या.